सीताफळ, उंदीर आणि आपल्या बाया : प्रस्तावना

कर्करोग संशोधक कमल रणदिवे यांच्या संशोधनाची सुरुवात सीताफळापासून झाली. 1943 साली पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून त्या एम.एस्सी. झाल्या, तेव्हा त्यांचा विषय होता सीताफळाच्या कुळातल्या झाडांची गुणसूत्रं. दिवाळीच्या आगेमागे मालेगाव-मानोऱ्याच्या टेकाडांवरून सीताफळांच्या टोपल्या वाशिमच्या बाजारात येतात. तरी प्राणिशास्त्र शिकवण्याच्या माझ्या तीस वर्षांत एकाही वर्गाला मी ही गोष्ट सांगितली नाही, कारण मलाच ती ठाऊक नव्हती. या पुस्तकाची लेखिका माझीच विद्यार्थिनी. तिने हस्तलिखित वाचायला दिलं तेव्हा कळलं.

प्रस्तावना लिहा म्हणाली, तेव्हा आधी मी नाही म्हटलं होतं. थोर स्त्रियांच्या चरित्रांचा मला जरा कंटाळा आहे. पहिल्या पानावर ‘पहिल्या महिला’ आणि शेवटच्या पानावर पुरस्कारांची यादी. मधली चाळीस वर्षं ही बाई रोज सकाळी प्रयोगशाळेत जाऊन नेमकं काय करत होती, ते कुठेच नसतं. या पुस्तकात ते आहे, म्हणून लिहायला बसले. उंदरांचे पिंजरे, त्यांच्या वंशावळी, काचेच्या नळ्या, त्या नळ्यांत मरून जाणाऱ्या पेशी. वाचकाला मध्येच दम लागेल इतकं ते बारकाईने आलं आहे, आणि ते तसंच राहू द्यावं असा आग्रह मीच धरला.

आधी थोडी ओळख. कमल समर्थ यांचा जन्म 8 नोव्हेंबर 1917चा, पुण्यातला. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे प्राध्यापक. शाळा हुजूरपागा, पुढे फर्ग्युसन. मुलीने वैद्यकीय शिक्षण घ्यावं आणि डॉक्टराशीच लग्न करावं, ही वडिलांची इच्छा. यातलं एकही झालं नाही. 1939 साली त्यांनी जे. टी. रणदिवे या गणितज्ञाशी लग्न केलं. पेशीशास्त्राच्या पुढच्या अभ्यासात त्यांना नवऱ्याची मदत झाली. पुढे त्या ‘डॉक्टर’ झाल्या त्या पीएच.डी.च्या. दवाखान्यात बसून गोळ्या लिहून देणाऱ्या नव्हेत. आमच्याकडे आजही ‘कर्करोगावर काम करणाऱ्या बाई’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे गळ्यात स्टेथोस्कोप घातलेली व्यक्ती येते. रोग्याला कधीच हात न लावता आयुष्यभर त्याच रोगाचा विचार करणारी माणसं असतात, हे बारावीच्या मुलींना पटवून देताना माझी बरीच दमछाक झालेली आहे.

झाडाकडून गाठीकडे त्या कशा गेल्या? वरवर पाहता ही उडी मोठी वाटते, पण तशी ती नाही. गुणसूत्रं मोजायची म्हणजे पेशी नेमकी विभागण्याच्या क्षणी पकडायची. आम्ही वर्गात कांद्याच्या मुळाचं टोक चिरडून, ॲसिटोकार्माइनमध्ये रंगवून तेच करायचो. त्या आंबट वासाने आमची प्रयोगशाळा कायम भरलेली असे. झाडाची पेशी शिस्तीत विभागते आणि थांबते. कर्करोगाची पेशी थांबत नाही. ज्याने शिस्त तासन्‌तास डोळ्यांनी पाहिली आहे, त्याला बेशिस्त लवकर ओळखू येते.

लग्नानंतर त्या मुंबईत आल्या, आणि परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात काम करू लागल्या. हे रुग्णालय 1941 साली सुरू झालेलं. तिथे डॉ. वसंत रामजी खानोलकर होते, भारतातल्या विकृतिशास्त्राचा पाया घालणारे. त्यांच्या मार्गदर्शनाखाली 1949 साली रणदिवे यांनी मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. खानोलकरांना एक प्रश्न सतावत होता, आणि पुढे तो त्यांच्या सगळ्या शिष्यांना लागला: आपल्याकडे वेगवेगळ्या समाजांत वेगवेगळे कर्करोग का दिसतात? तंबाखू चघळणाऱ्यांत तोंडाचा. पारशी बायकांत स्तनाचा जास्त, इतर अनेक समाजांतल्या बायकांत गर्भाशयाच्या मुखाचा जास्त. शहर तेच, पाणी तेच. फरक कशात? लग्नाच्या वयात, बाळंतपणांच्या संख्येत, अंगावर पाजण्यात, खाण्यापिण्यात, की रक्तातच?

मला विचाराल तर रणदिवे यांच्या सगळ्या कारकिर्दीची किल्ली इथे आहे. तेव्हाची बहुतेक पाठ्यपुस्तकं युरोप-अमेरिकेतल्या बायकांवरून लिहिलेली. त्यांच्याकडे स्तनाचा कर्करोग पुष्कळ, आणि त्याची कारणंही त्यांच्या आयुष्यातून शोधलेली. ती उत्तरं उसनी आणून परळमध्ये चालवता आली असती. पुष्कळांनी चालवलीही. या बाईंनी मात्र प्रश्नच मुळापासून आपला करून घ्यायचा ठरवला. त्यासाठी लागणारी अवजारं इथे नव्हती, तर ती आधी बनवायची.

पहिलं अवजार उंदीर. भाऊ-बहिणींची वीस पिढ्या आपसांत पैदास केली की एका वाणातले सगळे उंदीर जवळपास जुळ्यांसारखे होतात. मग काही वाणांत माद्यांना स्तनाचा कर्करोग हटकून होतो आणि काहींत क्वचित. अमेरिकेत जॉन बिटनर यांनी 1936 साली एक साधा, पण डोकं चक्रावून टाकणारा प्रयोग प्रसिद्ध केला होता. कर्करोग होणाऱ्या वाणाची पिल्लं जन्मतःच उचलून कर्करोग न होणाऱ्या वाणाच्या आईला पाजायला दिली, तर मोठेपणी त्यांच्यात गाठी फार कमी झाल्या. म्हणजे दोष नुसता रक्तात नव्हता, दुधातून काहीतरी जात होतं. ते काहीतरी म्हणजे एक विषाणू, हे पुढे सिद्ध झालं. रणदिवे याच वाटेने पुढे गेल्या. वेगवेगळ्या वाणांचे उंदीर पाळून आनुवंशिकता, संप्रेरकं, विणी आणि स्तनाच्या ऊतीची घडण यांचं गाठीशी असलेलं नातं त्या तपासत राहिल्या. एकाच कारणाने कर्करोग होतो असं समजण्याच्या काळात, वाण, संप्रेरक आणि विषाणू हे तिघं मिळून गाठ घडवतात, हे मांडणाऱ्या सुरुवातीच्या संशोधकांत त्यांची गणना होते.

इथे एक ताकीद देणं माझं कर्तव्य आहे, कारण दुधाची ही गोष्ट वर्गात सांगितली की कुणीतरी मुलगी घाबरून जातेच. उंदरांतली ही गोष्ट माणसाला लागू होत नाही. आईच्या दुधातून मुलीला स्तनाचा कर्करोग जातो असं दिसलेलं नाही. उलट तीस देशांतल्या अभ्यासांचा एकत्र हिशेब 2002 साली आला, त्यात दर बारा महिने अंगावर पाजण्यामागे आईचा स्वतःचा धोका चार टक्क्यांहून थोडा जास्त कमी होतो असं निघालं. म्हणजे खानोलकरांच्या खोलीत चर्चिलं जाणारं ‘आपल्या बायका जास्त पाजतात, म्हणून असेल का?’ हे नुसतं कुतूहल नव्हतं.

दुसरं अवजार काचेचं. पीएच.डी.नंतर रणदिवे बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. पेशी शरीराबाहेर, काचेच्या नळीत जगवायच्या, या एका ध्यासाने गाय यांनी आयुष्य काढलं होतं. त्यासाठी नळ्या सतत हळूहळू फिरवत ठेवणारं पिंपही त्यांनीच बनवलं. 1951 साली याच प्रयोगशाळेत हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय बाईच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतल्या पेशी नळीत वाढल्या, आणि वाढतच राहिल्या. बाई त्याच वर्षी ऑक्टोबरात गेली. पेशी अजून जगभर वाढत आहेत. त्या घेताना तिला किंवा तिच्या घरच्यांना कुणी विचारलं नव्हतं. लेखिकेने या प्रसंगावर अख्खं प्रकरण लिहिलं आहे. मला ते आधी विषयांतर वाटलं. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की बायकांच्या कर्करोगाचा इतिहास बायकांना न विचारता घेतलेल्या गोष्टींनी भरलेला आहे, आणि तो एकट्या बाल्टिमोरचा नाही.

मुंबईला परत आल्यावर त्यांनी देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली, 1952 साली स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात. पेशी जगवायला लागणारं द्रावण आज बाटलीबंद येतं. तेव्हा ते घरच्या स्वयंपाकासारखं रोज रांधावं लागे. एक जंतू शिरला की आठवड्याचं काम मोरीत. ज्यांनी विरजण बिघडल्याचा अनुभव घेतला आहे त्यांना हे समजेल.

1966 ते 1970 या काळात त्या संस्थेच्या हंगामी संचालक होत्या. कुष्ठरोगाच्या जंतूवर खानोलकर आणि सहकारी बापट यांच्याबरोबर केलेलं त्यांचं काम लसीच्या संशोधनापर्यंत पोचलं. 1982 साली पद्मभूषण. हे सगळं पुस्तकात सविस्तर आहे, मी त्यावर रेंगाळत नाही.

रेंगाळायचं आहे ते एका अप्रिय प्रश्नावर. त्या उंदरांमुळे कुणी बाई वाचली का? लेखिकेने हा प्रश्न टाळला होता. मी तिला तो घालायला लावला. प्रामाणिक उत्तर असं की थेट कुणीच नाही. रणदिवे यांच्या नावावर ना औषध आहे, ना लस, ना शस्त्रक्रिया. अवजारं बनवणाऱ्याचं असंच असतं. विळा घडवणाऱ्या लोहाराला सोयाबीनच्या पोत्यांचं श्रेय कोण देतं? त्यांनी माणसं तयार केली, विभाग उभे केले, आणि भारतातल्या बायकांचा कर्करोग हा भारतातच अभ्यासण्याचा विषय आहे ही सवय संस्थेला लावली. हे शेवटचं सगळ्यांत कमी दिसतं आणि सगळ्यांत जास्त टिकलं.

त्यांनी स्वतःही पुढे प्रयोगशाळेचा उंबरा ओलांडला. 1973 साली सहकारी स्त्रियांबरोबर त्यांनी भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. काम करणाऱ्या बायकांना पाळणाघर लागतं, ही बाब त्या संघटनेने विज्ञानाइतकीच गंभीरपणे घेतली. निवृत्तीनंतर त्या अकोले तालुक्यातल्या आदिवासी मुलांच्या पोषणाच्या कामात आणि खेड्यातल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार करण्यात गुंतल्या. (वाशिमच्या वाचकाने घाई करू नये. हे तेव्हाच्या नगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं अकोले. आपलं अकोला, ज्या जिल्ह्यातून 1998 साली आपण वेगळे झालो, ते नव्हे. मीही पहिल्या वाचनात उगाच हरखले होते.)

आता त्यांच्यानंतरची गोष्ट, कारण पुस्तकाचा उत्तरार्ध तिथे जातो आणि माझ्या मते तोच खरा वाचनीय आहे. 1987 साली बार्शीत देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. त्यात बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतली साडेतीनशेच्या आसपास गावं होती. दवाखान्यात येईल त्याची नोंद, ही शहरी पद्धत तिथे चालणार नव्हती, कारण दवाखान्यात कुणी येतच नव्हतं. मग नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव गेले, पारावर बसले, अंगावरून पांढरं जाणं, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसणं याबद्दल बोलले. परिणाम असा झाला की बायका आधीच्या अवस्थेत तपासायला येऊ लागल्या. औषध नवं नव्हतं, यंत्र नवं नव्हतं. विचारायला कुणीतरी दारात आलं होतं.

त्याच भागात, तेव्हाच्या उस्मानाबाद आणि आताच्या धाराशिव जिल्ह्यात, 1999पासून मोठी चाचणी झाली. गावांचे 52 गट, तीस ते एकोणसाठ वयाच्या 1,31,746 बायका. एका गटाची गर्भाशयमुखाच्या विषाणूसाठी म्हणजे एचपीव्हीसाठी चाचणी, दुसऱ्याची पॅप चाचणी, तिसऱ्याची ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी, चौथ्याला नेहमीची सेवा. निष्कर्ष 2009 साली आले. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणले. बाकी दोन्ही पद्धतींनी, एकदाच केल्या तर, तसा ठोस फरक दिसला नाही. मुंबईच्या वस्त्यांत मात्र टाटा रुग्णालयाच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या गटाने दहावी शिकलेल्या, महिनाभर तयार केलेल्या कार्यकर्त्यांकडून ॲसिटिक ॲसिडची तपासणी दर दोन वर्षांनी करून घेतली, आणि तिथे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचावेत. स्वस्त तपासणी चालते, पण ती पुन्हा पुन्हा करावी लागते. एकदाच गाठ पडणार असेल तर चांगली चाचणी हवी.

या चाचण्यांवर टीकाही झाली. चौथ्या गटातल्या बायकांना तपासणीविना ठेवणं न्याय्य होतं का, हा प्रश्न आपल्याकडच्या आणि परदेशातल्या जाणकारांनी विचारला. माझं मत विचाराल तर तो प्रश्न योग्य होता, आणि ‘नाहीतरी त्यांना काहीच मिळत नव्हतं’ हे उत्तर मला कधीच पुरेसं वाटलं नाही. तरीही या चाचण्यांमुळेच जगातल्या गरीब जिल्ह्यांसाठी काय करता येईल याचा पुरावा हाती आला. हे दोन्ही खरं आहे. लेखिकेने त्यातलं एक निवडलेलं नाही, याबद्दल तिचं कौतुक.

आणि धाराशिव आपल्याला लांबचं नाही. 2018 साली केंद्र सरकारने ‘आकांक्षित जिल्ह्यां’ची यादी केली तेव्हा महाराष्ट्रातून नंदुरबार, गडचिरोली, धाराशिव आणि वाशिम अशी चार नावं होती. ‘आकांक्षित’ हा शब्द गोड आहे. पूर्वी त्याला मागास म्हणत.

इथलं चित्र मला शाळा-कॉलेजापेक्षा ओट्यावर जास्त कळलं. माझ्या मावशीने छातीतली गाठ दीड वर्ष कुणाला सांगितली नाही. विचारलं तेव्हा म्हणाली, “दुखत नाही त् कायले दाखवा?” स्तनाच्या कर्करोगाबद्दलचं सगळ्यांत घातक वाक्य हेच असावं. सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाही, आणि आपल्याकडे दुखल्याशिवाय बाईला दवाखान्यात जायचा हक्क नाही. पुढे अकोला, मग नागपूर, किमो, शेक, पुन्हा नागपूर. खाटेवर पडल्या पडल्या तिला काळजी तुरीच्या सोंगणीची.

दुसरं टोकही आहे. पोट दुखतं, पांढरं जातं म्हणून गेलेल्या बाईला ‘पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल’ असं सांगितलं जातं आणि पस्तिशीत तिची पिशवी जाते. बीडच्या ऊसतोड बायकांचं प्रकरण 2019 साली राज्यभर गाजलं. सरकारी समितीच्या पाहणीत तिथे 13 हजारांहून अधिक बायकांच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. म्हणजे जिथे भीती हवी तिथे नाही, आणि जिथे नको तिथे ती विकली जाते. गर्भाशयमुखाची साधी तपासणी एकदा तरी झालेल्या बायका देशात शंभरात दोनही भरत नाहीत, असं पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसतं. दुसरीकडे 2022च्या जागतिक अंदाजानुसार या रोगाने भारतात एका वर्षात जवळपास 80 हजार बायका गेल्या, आणि स्तनाच्या कर्करोगाने त्याहून जास्त.

गर्भाशयमुखाचा कर्करोग एचपीव्हीमुळे होतो, हे दाखवणारे हाराल्ड त्सुर हाउझेन यांना 2008 साली नोबेल मिळालं. 2022 साली पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या देशी एचपीव्ही लसीला परवानगी मिळाली. 2024 साली वाशिमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मंजूर झालं. तिथल्या पहिल्या वर्षाच्या मुली पेशीविभाजन शिकत असतील तेव्हा त्यांच्या हातात हे पुस्तक असावं, एवढाच लेखिकेचा आणि माझा स्वार्थ. त्यांतल्या एखादीने इथल्या उपकेंद्रांच्या नोंदवह्या उघडून, मंगरूळपीरच्या आणि रिसोडच्या बायकांत काही फरक दिसतो का, असा खानोलकरी प्रश्न विचारला तर पुस्तकाची किंमत वसूल.

वाचताना तिसरं प्रकरण, उंदरांच्या वंशावळीचं, जड जाईल. ते गाळू नका. हवं तर संध्याकाळी वाचू नका, सकाळी वाचा.

हस्तलिखित माझ्याकडे होतं त्याच महिन्यात जवळच्या एका गावी तीस वर्षांवरच्या बायकांची तपासणी ठेवली होती. आशाताई माझ्या ओळखीची, म्हणून मीही गेले. पडद्यामागे नर्सने ॲसिटिक ॲसिडची बाटली उघडली. ते लावायचं, मिनिटभर थांबायचं, आणि कुठे पांढरा डाग उमटतो का ते पाहायचं. बाटली उघडताच माझ्या प्रयोगशाळेचा, कांद्याच्या मुळांचा तो जुना वास आला. मी काही बोलणार, तेवढ्यात पडद्याच्या आतून एका म्हातारीचा आवाज आला, “कायचा आंबट वास येते व? लोणचं घालता का काय?” रांगेतल्या बाया इतक्या हसल्या, की मघापासून ‘मी उद्या येतो’ म्हणत दाराशी उभी असलेली एक सूनबाई चप्पल काढून आत आली.